घोट्याचं विरजण

धैर्यशील जगदाळेचा घोटा मोडला तेव्हा गाडी उभी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण तो स्वतः कुणाला सांगत नाही. लडाखला दोनदा जाऊन आलेला माणूस, मे महिन्यातही चामड्याचं जाकीट अंगातून न काढणारा, आणि पडला कुठं तर मिरजेत, चहाच्या गाड्यासमोर. दोनशे किलोची जुनी पेट्रोलची गाडी बाजूच्या स्टँडवर लावून तो तिच्याशेजारी फोटो काढून घेत होता. स्टँड मऊ मातीत रुतला, गाडी कलली. शहाण्यानं पाय मागं घेतला असता. यानं गाडी वाचवायला पाय पुढं घातला. टाकीवर ओरखडासुद्धा आला नाही. डाव्या घोट्याचं मात्र पीठ झालं.

"कोल्हा आडवा आला," त्यानं दवाखान्यात सांगितलं. मिरजेत, भर दुपारी, चहाच्या गाड्यापाशी कोल्हा.

साल २०४१. रस्त्यावरच्या बहुतेक दुचाकी तोवर स्वतःच चालत होत्या. माणसानं वर बसायचं, पत्ता सांगायचा आणि जांभया द्यायच्या. पायानं गियर टाकायच्या गाड्या उरल्या होत्या थोड्या, आणि त्यांच्यासाठी नवा नियम आला होता: एकतीस मार्चपर्यंत जो रस्त्यावर परीक्षा देऊन पास होईल त्यालाच पायगियरचा परवाना. त्यानंतर कुणालाच नाही, कधीच नाही. धैर्यशील पडला नोव्हेंबरात. वय अडतीस. त्याच्या आयुष्यात अभिमान वाटावा अशी एकच गोष्ट होती, आणि ती पाच गियरची होती.

डॉक्टर वीणा नाडगौडांनी घोट्याचा एक्स-रे बघितला. "तुकडे जोडण्यात अर्थ नाही. नवं हाड लावावं लागेल."

"लावायचं म्हणजे?"

"दुधाला विरजण लावतो तसं."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. धैर्यशीलच्याच कमरेच्या हाडातल्या पेशी काढायच्या, विरघळणाऱ्या एका जाळीत पेरायच्या आणि जाळी घोट्यात बसवायची. हाडाच्या पेशी म्हणजे नकाशा नसलेले गवंडी. जिथं भार पडतो तिथं त्या चुना आणून रचतात. जिथं भार पडत नाही तिथला रचलेलासुद्धा उचलून नेतात. अंतराळात राहून आलेल्या माणसांची हाडं म्हणूनच झिजतात. म्हणजे नव्या हाडाला आकार यायचा तर त्याच्यावर चालण्याचा भार पडायला हवा. आणि रोग्याला तर सात आठवडे पाय टेकवायची बंदी.

हा पेच सोडवायला एक बूट निघाला होता. त्याच्या आत बावीस बारीक दट्टे. दुसऱ्या कुणीतरी निरोगी माणसानं घोट्यावर एक कडं घालायचं, ज्याला दवाखान्यातले सगळे वाळा म्हणत, आणि आपलं चालत राहायचं. तो पाऊल टाकेल तसे इकडे बुटातले दट्टे घोट्याला हळूच दाबणार. पेशींना वाटणार, मालक चालला. आधी टिपून ठेवलेलं चालणं चालत नाही, कारण तेच तेच ऐकून पेशी बहिऱ्या होतात. यंत्रानं रचलेलं चालणं तर त्या दोन दिवसांत ओळखतात. जिवंत माणूस हवा, त्याच क्षणी चालणारा.

"आणि जसं विरजण तसं दही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला गाडी चालवायचीय, तर गाडी चालवणाऱ्याचाच पाय हवा. रोज आठ हजार पावलं, आणि तीनशे वेळा डाव्या पंजानं गियर टाकायचा. तुमच्या घरात कोण चालवतं?"

"मी वाळा घालते," स्नेहल, त्याची बायको, म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि दिवसभर फळ्यासमोर उभी असायची. "गियरचं तेवढं शिकवा."

"वहिनी!" मागून दोन आवाज एकदम आले. "आम्ही आहोत ना!"

हे सिकंदर मुजावर आणि जयपाल चौगुले. सिकंदरचं गाड्यांचं गॅरेज, जयपालचं हळदीचं गोदाम. शाळेपासूनचे दोस्त, लडाखचे साथीदार. 'आम्ही आहोत ना' हे वाक्य आपल्याकडं लग्नात, मयतात आणि निवडणुकीत फुकट मिळतं, आणि ते म्हणणारा माणूस त्यानंतर सापडेलच असं नाही. स्नेहलला हे माहीत होतं. पण तिघेही दोस्त इतके गहिवरले होते की तिनं मान हलवली.

"सकाळ माझी, संध्याकाळ जयपालची," सिकंदर म्हणाला. "धैऱ्या, तुझा पाय आता आमच्या पायात." दवाखान्यानं दोघांना एकेक वाळा दिला.

पहिल्या आठवड्यातच बूट इतका जोरात चालू लागला की धैर्यशीलला पलंगावर दम लागल्यासारखं व्हायचं. पहाटे साडेपाचला सुरू. खाली बस, वर ऊठ, खाली बस. मग थोडं इकडं, थोडं तिकडं. दहा वाजले की टाच-पंजा, टाच-पंजा असा तालच लागायचा.

डॉक्टरांनी फोन करून कौतुक केलं. "गियरच्या हालचाली तीनशे सांगितल्या होत्या. रोज चार हजार येतायत. मित्र आहेत की कोण आहेत?"

धैर्यशीलच्या डोळ्यात पाणी आलं. "दोस्त आहेत डॉक्टर. सिकंदर गॅरेजमध्ये बसून माझ्यासाठी गियर टाकत असणार बिचारा."

दोस्त रोज संध्याकाळी यायचे, भडंगाची पिशवी घेऊन. एके दिवशी जयपाल खुर्चीत मांडी घालून भडंग चघळत होता आणि त्याच वेळी धैर्यशीलच्या पायातला बूट जिना चढायला लागला. एक पायरी, दोन, तीन. चांगल्या सव्वीस पायऱ्या.

"जयपाल," धैर्यशील म्हणाला, "तू बसलायस ना?"

"व्हय की."

"मग जिना कोण चढतंय?"

जयपाल एक घास थांबला. "नेटवर्क, मर्दा. दुपारची पावलं आत्ता पोचायला लागली."

"एवढी उशिरा?"

"गोदामात रेंज नसती. साठून राहत्यात आणि एकदम येत्यात."

सिकंदर छताकडं बघत म्हणाला, "टॉवरचं काम चाललंय."

धैर्यशीलनं विश्वास ठेवला. गाढवपणा म्हणा, पण पलंगावर पडलेल्या माणसाला विश्वासाशिवाय दुसरा धंदा नसतो. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या स्नेहलनं विश्वास ठेवला नाही. तिनं वेळ लिहून घेतली, एवढंच.

जानेवारीत बूट निघाला आणि घोट्याची तपासणी झाली. डॉक्टरांनी दोन्ही दोस्तांना मुद्दाम बोलावलं होतं. पडद्यावर हाड दिसत होतं, आतल्या जाळीसकट, भाकरीच्या पापुद्र्यासारखं.

"हाड झकास आहे," डॉक्टर म्हणाल्या. दोस्तांनी एकमेकांच्या हातावर टाळी दिली. "पण मला एक कळत नाही. तुमच्यापैकी रोज एकशे बारा वेळा उकिडवं कोण बसतं?"

दुसरी टाळी हवेतच राहिली.

"आणि हे बघा. पाच फुटांच्या जागेत तीन तास मागं-पुढं. एकाच जागी उभं राहून कधी या पायावर भार, कधी त्या."

"व्यायाम," जयपाल म्हणाला.

"पाच फुटात?" स्नेहलनं विचारलं.

"घर लहान आहे वहिनी."

"जयपाल भावजी, तुमच्या घरात क्रिकेटचा सामना भरवता येतो."

डॉक्टर सिकंदरकडं वळल्या. "गियर टाकताना पंजा वर उचलावा लागतो. इथं उचलल्याची एक खूण नाही. नुसतं दाबणं. पंजा दाब, टाच दाब, मिनिटाला नव्वद वेळा. मध्येच थांबतं, परत चालू. माझी आई शिवणकाम करायची, दोरा तुटला की ती अशीच थांबायची."

मग स्नेहलनं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"नसीमभाभी, वाळा कुठाय?"

"पायात आहे की," पलीकडून सिकंदरच्या बायकोचा आवाज आला, मागं मशीनचा खडखडाट. "काढू का आता? हे म्हणाले होते, दोन-तीन तास घाल, गॅरेजात तेल लागतंय त्याला. पन्नास दिवस झाले. आंघोळीलाबी काढला न्हाई."

दुसरा फोन करायची गरजच पडली नाही. जयपालनं स्वतःच सांगून टाकलं, "आक्काच्या पायात होता." आक्का म्हणजे त्याची आई, वय सदुसष्ट. रोज दिवस मावळायच्या आत स्वयंपाक उरकून मग बस्तीच्या, म्हणजे जैन देवळाच्या, सव्वीस पायऱ्या चढून दर्शनाला जाणारी बाई. "मी तिला म्हटलं, धैऱ्यासाठी आहे. ती म्हणाली, आण, पोराचा पाय बरा होऊ दे."

धैर्यशीलचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याला राग कशाचा आला ते त्यालाच नीट कळेना. दोस्त खोटं बोलले याचा, की चार हजार वेळा गियर टाकणारा सिकंदर मुळात नव्हताच याचा.

"पंजानं वर उचलायची ताकद या हाडात नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दोन रस्ते आहेत. हे हाड काढून परत विरजण लावू, तीन-चार महिने."

"एकतीस मार्च!"

"किंवा हेच ठेवू. पण मग त्याला त्याचा खुराक द्यावा लागेल. ज्या भारावर ते वाढलंय तोच भार रोज हवा, निदान सहा महिने. नाही दिला तर पेशी चुना उचलायला लागतील, आणि ते दुखून सांगतील."

धैर्यशीलनं हाड ठेवलं. दोस्तांना मात्र घरी यायची बंदी केली. ती पाच दिवस टिकली, कारण सहाव्या दिवशी त्याला घोट्यानं सळो की पळो केलं आणि बंदीकडं बघायला फुरसत उरली नाही.

त्याचं असं झालं की सोफ्यावर बसून अर्धा तास झाला की घोटा ठणकायचा, दाढ ठणकते तसा. चालला की थोडा कमी. फिजिओथेरपीच्या यंत्रावर तासभर पाय हलवला, ढिम्म. शेवटी वैतागून त्यानं सांडलेला चहा पुसायला उकिडवं बसून फडकं फिरवलं, आणि ठणका बंद. त्यानं उगाचच सगळी फरशी पुसली. घोटा कसा मांजरासारखा शांत झाला. स्नेहल शाळेतून आली तेव्हा घर पुसलेलं, भांडी घासलेली आणि नवरा ओट्यापाशी एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत उभा.

"काय झालं?" ती घाबरलीच.

"घोट्याला भूक लागली होती."

तेरा वर्षांच्या संसारात तिला इतकं हसताना त्यानं पाहिलं नव्हतं.

पण टाच-पंजाचं काय? त्याच्यासाठी एकच दार होतं. तो काठी टेकत सिकंदरच्या घरी गेला, सिकंदर गॅरेजला गेल्यावर. नसीमभाभी खिडकीपाशी पायमशीनवर बसली होती. विजेवरची मशीन तिच्याकडंही होती, पण ती फार पळते, झालर लावताना पाय लागतो तो लागतोच, असं तिचं म्हणणं.

"भाभी, रोज तासभर मशीन चालवू द्याल?"

तिनं त्याच्याकडं बघितलं, मग पायाकडं. "म्हंजे माझाच पाय घालून आलायसा."

"तसंच म्हणा."

"शिकवीन. पण भाऊजी, मला गाडी शिकवा. पायगियरची. परवाना बंद व्हायच्या आत."

धैर्यशील चपापला. "तुम्हाला कशाला? आता सगळ्या गाड्या आपोआप..."

"आपोआप गाडीला पत्ता सांगावा लागतो. यांच्या फोनात समदं दिसतं, कुठं गेली, किती वाजता गेली. मला एकदा पत्ता न सांगता जायचंय."

"कुठं?"

"बघा, तुमीबी इचारलंच."

तो ओशाळला.

"आणि यांना कळता कामा नये," ती म्हणाली. "कळलं तर म्हणतील, आम्ही आहोत ना."

आता सांगा. एकीकडं तीस वर्षांचा दोस्त, एकीकडं त्याची बायको, आणि मधे एक घोटा. दोस्ताच्या पाठीमागं त्याच्या बायकोला गाडी शिकवणं म्हणजे आपल्या गावात काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. धैर्यशीलनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाला, "स्नेहलला बरोबर आणतो. शनिवारी शाळा सकाळची असते."

असं ते सुरू झालं. सकाळी मशीनवर तो.

"आपटू नका भाऊजी. मशीन आहे, सासू न्हाई. टाच सोडा, मग पंजा. गाणं म्हणत असल्यासारखं."

शनिवारी दुपारी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात ती. शिकायला धैर्यशीलची मोठी गाडी जड, म्हणून आक्कानं गोठ्यातली तिच्या नवऱ्याची जुनी दुधाची गाडी काढून दिली. चार गियर, कॅन लटकवायचे दोन हुक, आणि रंग कुठला ते विचारायचं नाही. "जयपालला तिची लाज वाटती," आक्का म्हणाली. "त्याला काय, मी देवळात हळू चालते त्याचीबी वाटती. न्या."

फेब्रुवारीत धैर्यशीलनं आपली मोठी गाडी बाहेर काढली. जाकीट चढवलं. पहिला गियर खाली दाबला, उत्तम. दुसऱ्याला पंजानं लिव्हर वर उचलला आणि घोट्यातून अशी कळ आली की पुढचा शब्द छापता येणार नाही. आठ दिवसांनी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. परीक्षेत चौदा वेळा गियर वर न्यायचा असतो. तो गाडीवर तसाच बसून राहिला, हातात हेल्मेट, आणि पहिल्यांदा त्याच्या मनात स्वच्छ आलं, की संपलं. जन्मभर आता पत्ता सांगायचा आणि जांभया द्यायच्या.

शनिवारी तो पडेल चेहऱ्यानंच मैदानावर गेला. नसीमभाभी दुधाच्या गाडीवरून चकरा मारत होती. पहिला, दुसरा, तिसरा, लोण्यासारखे गियर पडत होते. आणि धैर्यशीलचं लक्ष तिच्या पायाकडं गेलं. दुधवाल्यांच्या गाड्यांना गियरचं पेडल दुतर्फी असतं. पुढं पंजानं दाबलं की गियर चढतो, मागं टाचेनं दाबलं की उतरतो. वर उचलायचं कामच नाही. टाच-पंजा. टाच-पंजा. बाई गाडी चालवत नव्हतीच, झालर लावत होती.

"उतरा भाभी, उतरा!"

"का? काय चुकलं?"

तो बसला. दाबलं, चढला. दाबलं, चढला. टाच, उतरला. घोट्यानं हूं का चूं केलं नाही. चार फेऱ्या मारून तो परत आला तेव्हा स्नेहल डोळ्यांवर हात धरून उभी होती.

"रडतोयस का?"

"धूळ गेली."

"कोल्ह्याच्या अंगावरची असेल," ती म्हणाली.

तरी परीक्षा दुधाच्या गाडीवर द्यायची म्हणजे काय, हे लडाखला न गेलेल्याला कळायचं नाही. नव्या नियमात परवाना ज्या पेडलवर परीक्षा दिली तेवढ्यापुरताच मिळत होता. मोठ्या गाडीला दुतर्फी पेडल बसत नाही, म्हणजे ती कायमची गेली. ज्या गाडीला वाचवायला घोटा दिला, तीच. धैर्यशील दोन दिवस नुसती भांडी घासत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं जाकीट कपाटात टांगलं आणि दुधाच्या गाडीची चेन साफ करायला बसला.

एकोणतीस मार्चला आरटीओच्या आवारात जत्रा भरली होती. सगळ्यांना शेवटच्या तीन दिवसांतच जाग आलेली. रांगेत दीड तास एका जागी उभं राहायचं म्हटल्यावर घोटा बोंबलायला लागला. धैर्यशीलनं इकडंतिकडं बघितलं, भिंतीला टेकलेला खराटा घेतला आणि आवार झाडायला सुरुवात केली. अर्ध्या तासात तिघांनी त्याला अर्ज कुठं मिळतो ते विचारलं आणि एकानं साहेबांचा चहा आणायला पिटाळलं.

दोस्त आलेच होते, झेंडूचा हार घेऊन. बंदी केव्हाच उठली होती. दोस्तांवर जन्मभर रागवायला वेळ कुणाला असतो?

"धैऱ्या, खराटा काय, दुधाची गाडी काय," सिकंदर म्हणाला. "इज्जत घालवलीस मर्दा."

"पाय वाचला," धैर्यशील म्हणाला आणि परीक्षेला गेला.

आठाचा आकडा, चढ, उतार, चौदा वेळा गियर. निरीक्षकानं कागदावर शिक्का मारला: पास, दुतर्फी पेडलपुरता. दोस्तांनी हार घालायला हात उचलले, तोच निरीक्षकानं पुढचं नाव पुकारलं.

"नसीम सिकंदर मुजावर."

सिकंदर हसला. "बघ, माझ्या बायकोच्याच नावाची दुसरी बाई." मग रांगेतून हेल्मेट घातलेली नसीमभाभी पुढं आली आणि त्याच्या हातातला हार जयपालच्या गळ्यात पडला.

"ही कशाला?" सिकंदरचा आवाज चढला. "हिला कुणी शिकवलं?"

"मी," धैर्यशील म्हणाला. गाडीची किल्ली त्यानं नसीमभाभीच्या हातात ठेवली.

"माझ्या पाठीमागं? धैऱ्या, तू माझा दोस्त ना?"

"दोस्त तुझाच आहे. पाय भाभीचा आहे."

सिकंदरनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण गाडी सुरू झाली होती आणि त्या आवाजात काही ऐकू येईना. तो गाड्यांचा माणूस होता, हे त्याचं नशीब म्हणा की दुर्दैव. पहिल्या वळणावर तो रागानं बघत होता. चढावर ती गियर उतरवताना त्याचा स्वतःचा डावा पाय नकळत हलला. उताराला त्याच्या तोंडून निघून गेलं, "क्लच हळू सोड, हळू... सोडला. शाब्बास." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तो पुन्हा रागावला.

निरीक्षकानं दुसरा शिक्का मारला.

नसीमभाभी गाडी घेऊन फाटकापाशी आली आणि नेमकी नवऱ्यासमोर थांबली. इंजिन बंद केलं नाही.

"बसा."

"मी? मागं?"

"मग पुढं कोण? मी काय दूध घालायला शिकले?"

"कुठं जायचंय?"

"ते ठरलं न्हाई अजून."

सिकंदरनं धैर्यशीलकडं बघितलं. धैर्यशील खराटा फिरवण्यात गुंग होता. जयपाल गळ्यातला हार बघत होता. शेवटी सिकंदरनं पँट वर ओढली, हुकांच्या मधून पाय टाकला आणि बसला.

"पाय आत घ्या," नसीमभाभीनं मागं न बघता सांगितलं आणि पंजानं पहिला गियर दाबला. "मोडला तर तुमच्या वाटचं चालायला मी रिकामी न्हाई."